कमावत्या पोरीची वर्गणी

कल्पिता गोरिवलेने आयुष्यातल्या पहिल्या पगारातून वाडीच्या मंडळाची वर्गणी भरली, आणि पावती आली ती मेलेल्या माणसाच्या नावाची. 'श्री. उत्तम धोंडू गोरिवले यांजकडून रोख मिळाले, आभारी आहोत.' उत्तम म्हणजे तिचे बाबा. त्यांना जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. लिहिणाऱ्याने नावामागे 'कै.' लावण्याचेही कष्ट घेतले नव्हते. मंडळाच्या लेखी बाबा जिवंत होते, कमावत होते आणि वेळेवर वर्गणीही भरत होते. ज्या पोरीने नोटा मोजून हातात ठेवल्या ती मात्र कुठेच नव्हती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. व्हायलाच हवा होता. 'एवढं काय त्यात' असं ज्याला वाटत असेल त्याने आपल्या घामाच्या पैशातून एखादं बिल भरावं आणि पावती शेजाऱ्याच्या नावाने घेऊन बघावी. मग आपण बोलू.

हे पैसे तिने कुठून आणि कसे काढले ते आधी सांगायला हवं, म्हणजे राग कशाचा ते कळेल. कल्पिता डोंबिवलीची, मानपाडा रोडच्या आतल्या अंगाला एका चाळीत भाड्याने राहणारी. घरात ती आणि आई, दोघीच. बाबा एमआयडीसीत मशीनवर होते. एका सकाळी कामावर जायला निघाले आणि दारातच छाती धरून बसले. त्यांच्या फंडाचे पैसे आले ते हॉस्पिटलच्या बिलात गेले. त्यानंतर आई एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाऊ लागली. त्याच पोळ्यांवर कल्पिताचं बी.कॉम. पूर्ण झालं आणि दिवाळीनंतर तिला ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिलिंगचं काम मिळालं.

नेमणुकीच्या पत्रात बावीस हजार लिहिले होते. बँकेत आले साडेसतरा. उरलेले कुठे गेले म्हणून ती विचारायला गेली, तर एचआरमधल्या अंतरा मॅमनी हसून समजावलं, की फंडातला कंपनीचा वाटा, विमा, ग्रॅच्युइटी हे सगळं तुझाच पगार आहे, फक्त तो तुला मिळत नाही. लग्नात सुनेला दागिने घालायचे, फोटो काढायचे आणि संध्याकाळी सासूच्या कपाटात ठेवून द्यायचे, त्यातलाच प्रकार. कल्पिता 'ओके मॅम' म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. पहिल्या महिन्यात कोण भांडतं?

घरी आल्यावर ती मोबाइल घेऊन ओट्याशी बसली. मोबाइलवर कोट घातलेला एक पोरगा रोज सांगत असे, की पगाराचा निम्मा भाग गरजांना, तीस टक्के हौसेला आणि वीस टक्के बचतीला काढावा, म्हणजे माणूस चाळिशीत सुखी होतो. त्या पोराने खोलीचं भाडं कधी भरलं असावं असं वाटत नाही. भाडं, लाइटबिल, गॅस, आईच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या, पास, दोन्हीकडची शेअर रिक्षा, शेवटच्या वर्षाच्या फीसाठी मामाकडून घेतलेल्या उसन्याचा हप्ता, एवढं मांडेपर्यंतच गरजांचा निम्मा पाऊण झाला होता. त्यात ऑफिसमध्ये नवीन आलेल्याने सगळ्यांना पार्टी द्यायची म्हणे. आणि मॅनेजर विनीत सरांच्या वाढदिवसाची काँट्री. त्यांना पगार हिच्या पाचपट, आणि केक हिने आणायचा! घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

हौसेच्या रकान्यात तिने एकच वस्तू लिहिली होती, चांगले बूट. ठाणे स्टेशनपासून ऑफिसपर्यंत एका बाजूने चालत गेलं तर महिन्याचे बरेच पैसे वाचतात, पण कॉलेजातल्या चपलांनी टाचा फुटून निघत होत्या. बूट तिने खोडले. खोडले कारण सगळ्यात वर, गरजांच्याही वर, तिने आधीच एक ओळ लिहून ठेवली होती: वाडीची वर्गणी.

ही वर्गणी काय चीज आहे हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही; इतरांना सांगते. गुहागरकडच्या त्यांच्या वाडीतली निम्मी माणसं डोंबिवली, कल्याण, दिव्याला राहतात. त्यांचं एक मुंबई मंडळ आहे. दर महिन्याच्या एका रविवारी डोंबिवलीतल्या शाळेच्या वर्गात त्याची सभा भरते. वाडीतल्या मुलाला पहिला पगार झाला की त्याचं नाव मंडळात घालतात. नारळ देतात, टाळ्या वाजतात, बाप कॉलर ताठ करून बसतो. तेव्हापासून तो पोरगा कमावता माणूस. त्याने दर साल वर्गणी भरायची, आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी त्याच्या अंगणात थांबायची. ज्या घरातून वर्गणी नाही त्या घरावरून पालखी पुढे जाते. पालखी पुढे गेली की ते घर बंद पडलं असं वाडी समजते.

कल्पिताच्या आईचं सगळं वर्ष पालखी अंगणात थांबते त्या अर्ध्या तासावर टांगलेलं असायचं. गावच्या घराला एरवी कुलूप. शिमग्याला दोघी जाणार, अंगण सारवणार, देव टेकेल तिथे पाट मांडणार, आई ओटी भरणार. बाबा गेल्यावर तिला एकच धास्ती लागली होती, की उत्तमचं घर बंद पडलं असं कोणी म्हणू नये. म्हणून दोन वर्षं तिने पोळ्यांच्या पैशातून वर्गणी काढली आणि मंडळाचा हिशेब ठेवणाऱ्या दगडूकाकांच्या हातात दिली. पावती बाबांच्या नावाने येत राहिली. तिने ती देवाच्या फोटोमागे ठेवली आणि कधी काही म्हटलं नाही.

कल्पिताला नोकरी लागल्याची बातमी मंडळात पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. अध्यक्ष आबा आणि खजिनदार दगडूकाका दोघंही पेढे खायला घरी हजर. दगडूकाका म्हणजे बाबांचे जिवलग. डोंबिवलीतल्या गणपतीला त्यांचं पान या घरात ठरलेलं.

"पोरगी कमावती झाली वहिनी," आबा तिसरा पेढा उचलत म्हणाले. "उत्तम असता तर नाचला असता. आता काय आहे, यंदा देवळाचा सभामंडप काढलाय. दर कमावत्या माणसामागे पाच हजार देणगी ठरलीय. दोन हप्त्यांत दिली तरी चालेल."

कल्पिता खुळी. तिला आनंद झाला. संदेशला, तिच्या चुलत भावाला, गेल्या वर्षी मंडळात घेतलं तेव्हा दिलेला नारळ तिने पाहिला होता. आता आपलंही नाव लागणार, असं तिने मनात धरलं. बूट खोडून तिने पहिल्याच पगारातून वर्गणी आणि देणगीचा पहिला हप्ता दिला. मग ती पावती आली.

तिने लगेच दगडूकाकांना फोन लावला.

"काका, पावतीवर बाबांचं नाव आलंय. चुकून झालं वाटतं."

"चुकून नाय गं. तुमचं घर त्याच्याच नावावर चालू आहे ना."

"पण पैसे मी भरले. मी आलेली ना तुमच्याकडे द्यायला?"

"हो, पण मुलीच्या नावाने पावती फाडायची आपल्यात पद्धत नाय. उद्या तुझं लग्न होणार, तू जाणार दुसऱ्या वाडीत. कशाला उगाच नाव घालायचं आणि काढायचं?"

"मग देणगी कमावत्या माणसाची का घेतली?"

"कमावतेस म्हणून घेतली," दगडूकाका म्हणाले. त्या माणसाला आपल्या वाक्यात काही वावगं आहे असं खरोखरच वाटलं नाही.

म्हणजे बघा. पैसे घेताना ती कमावती. नाव लिहिताना ती पोरगी. आणि हाच न्याय संदेशला लावला तर? संदेशने मॉलमध्ये दोन महिने नोकरी केली आणि उभं राहून पाय दुखतात म्हणून सोडली. तेव्हापासून तो घरी पालथा पडून मोबाइलवर गेम खेळतो. खायला काळ आणि भुईला भार. त्याची वर्गणी त्याचा बाप भरतो, पण पावतीवर नाव संदेशचं. सभेत हात वर करायला संदेश. सभामंडपाला कुठल्या फरशा बसवायच्या ते ठरवायलाही संदेश!

कल्पिताने आईला स्पष्ट सांगितलं, "पुढचा हप्ता मी देणार नाय. नाव लिहिल्याशिवाय एक रुपया नाय."

"अगं, देवाचं काम आहे."

"देवाने सांगितलं काय माझं नाव नको म्हणून? आबांनी सांगितलं."

"नावात काय ठेवलंय कल्पे? पालखी थांबल्याशी मतलब. घर उघडं राहायला पाहिजे." आईच्या डोळ्यात पाणी आलं. "तुझ्या बाबांच्या माघारी तेवढंच उरलंय मला."

पोरीचा राग मात्र गेला नाही. तो आता आईवरही निघायला लागला. चहा आपटून ठेवायचा, विचारलं त्याचंच उत्तर द्यायचं. आईही काही कमी नव्हती. तिने पोळ्यांच्या पैशातून परस्पर अडीच हजार जमवायला घेतले. ते कळल्यावर कल्पिता इतकी चिडली की तिने ते पैसे उचलून आईच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम आणल्या आणि बिल समोर ठेवलं. "ही गरज," ती म्हणाली. "आबांचा सभामंडप म्हणजे आबांची हौस." चूक होतं ते. आईच्या कमाईला हात लावायचा तिला काय अधिकार? पण दोघींत कोणी कोणाला समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतं, आणि तिकडे आबा मजेत फरशा बघत होते.

दुसरा पगार झाला. कल्पिताने दुसऱ्या हप्त्याचे पैसे बाजूला काढले, तिचा शब्द तेवढा पक्का होता, पण दिले नाहीत. शिमगा महिन्यावर आला. एका संध्याकाळी संदेश घरी आला, दारातूनच मोबाइल पुढे करत.

"काकी, ग्रुपवर आलंय. मी म्हटलं दाखवून येतो. तुमच्या घरचं कोणी ग्रुपवर नाय ना."

बाई माणूस ग्रुपवर घ्यायची पद्धत नव्हती, तर कोण असणार? आबांनी मंडळातर्फे सूचना टाकली होती. खालील सभासदांची देणगी थकली आहे, शिमग्याच्या आत न भरल्यास त्यांच्या दारी पालखी थांबणार नाही, नियम सर्वांना सारखा आहे. खाली मोजकी नावं. त्यात पहिलं, श्री. उत्तम धोंडू गोरिवले. त्याखाली पोरांनी अंगठे आणि हसरे चेहरे टाकले होते. कोणीतरी लिहिलं होतं, 'उत्तमदादा, भरा आता.' तो पोरगा नवा असेल, त्याला माहीतही नसेल. पण ज्यांना माहीत होतं, ज्यांनी बाबांना खांदा दिला होता, त्यांच्यातल्या एकानेही त्याला सांगितलं नव्हतं, की अरे बाबा, तो माणूस गेला.

आईने मोबाइल हातात घेऊन ते दोनदा वाचलं. मग संदेशला परत दिला. त्याला चहा विचारला नाही. या घरात असं कधी झालं नव्हतं.

"ह्यांनी आयुष्यात कोणाचे पाच रुपये ठेवले नाहीत," ती म्हणाली. "वाण्याची उधारीसुद्धा पगाराच्या दिवशी घरी यायच्या आधी देऊन यायचे. आणि मेल्यावर थकबाकीदार?"

"आई, मी तेच सांगत होते—"

"तू तुझ्या नावाचं सांगत होतीस. ह्यांच्या नावाचं काय करतायत ते मला आज दिसलं." तिने पदराने डोळे पुसले. रडणं नव्हतं ते, संताप होता. कल्पिताने आईला इतकं चिडलेलं बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "रविवारी सभा आहे ना? मी येते."

त्या सभेला बायका जात नाहीत. मज्जाव कोणी केलेला नाही. कोणी बोलावतच नाही, एवढंच. शाळेच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर काढून बसलेले पुरुष आणि समोर मास्तरांच्या खुर्चीत आबा. दोघी दारात उभ्या राहिल्या तेव्हा सभामंडपाच्या कठड्यावरून वाद चालला होता. तो थांबला. कल्पिता सरळ टेबलापर्यंत गेली आणि तिने नोटा ठेवल्या.

"राहिलेला हप्ता. माझं नाव लिहून पावती द्या. कल्पिता उत्तम गोरिवले."

आबांनी नोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बस ना बाळा, बस. असं तावातावाने नाय बोलायचं. हे घराघराचं मंडळ आहे. मुलगी आज आहे, उद्या लग्न होऊन जाणार. मग ते नाव आम्ही काय करायचं?"

"तेव्हा खोडा."

"असं सारखं लिहायचं-खोडायचं नाय चालत."

"बाबांचं नाव तीन वर्षं खोडता आलं नाय तुम्हाला," कल्पिता म्हणाली, "आणि माझ्या न झालेल्या लग्नाची एवढी घाई?"

मागे दोघं-तिघं हसले. आबांचा चेहरा पडला. मोठ्या माणसाला हसलेलं चालत नाही. चूक दाखवलेली एकवेळ चालते. ते खाकरले आणि दाराकडे वळले. "वहिनी, तुम्ही जुनं माणूस. तुम्ही तरी समजवा हिला. पालखीचा प्रश्न आहे. उद्या पालखी दारावरून गेली तर बोल कोणाला लागेल? उत्तमला."

आई पुढे आली. बाकांमधून चालताना ती अंग चोरत होती. जन्मभराची सवय, ती काय एका दिवसात जाते? पण टेबलाशी आल्यावर ती थांबली आणि तिने पर्समधून बाबांच्या नावाच्या दोन जुन्या पावत्या काढून नोटांशेजारी ठेवल्या.

"ह्यांना बोल लावायचं राहिलंय कुठे? ग्रुपवर लावलात की."

"वहिनी, ते आपलं टाइप करताना—"

"हे दोन वर्षांचे पैसे ह्यांनी नाय भरले. मी भरले. सकाळी पाचला उठून पोळ्या लाटून भरले. तेव्हा माझ्या नावाने द्या म्हणायचं मला सुचलं नाय, ते माझं चुकलं. ही म्हणाली तेव्हा मी हिलाच गप्प बसवत होते." तिने पावत्या आबांपुढे सरकवल्या. "आता ह्यांचं नाव काढा. मेलेल्या माणसाला सुखाने असू द्या. यंदाची पावती हिच्या नावाने करा. आणि ह्या दोन माझ्या नावाने बदलून द्या."

"आणि पालखी?" बाकावरचा एक म्हातारा म्हणाला. त्याने ते कुत्सितपणे विचारलं नव्हतं. त्याला खरोखर काळजी वाटली होती.

"नाय थांबली तर नाय थांबली. देवाला माझं घर माहीत आहे."

 कल्पिताला वाटलं, आईला धरावं, पण आई नीट उभी होती. आबांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. कोणीच त्यांच्या मदतीला येईना. संदेश तर खाली मान घालून बाकावर नखाने रेघा मारत होता. शेवटी आबांनी हात झटकला, आपण फार मोठं मन करतोय अशा थाटात.

"बरं बाबा. लिही रे दगडू, काय म्हणतायत ते. घरातलीच माणसं आहेत."

दगडूकाकांनी पावतीपुस्तक उघडलं. कल्पिताची पावती लिहिली, तारीख घातली, सही केली. मग पान उलटलं, पेनचं टोक 'श्री./श्रीमती' या छापील अक्षरांपाशी नेलं आणि ते तिथेच थांबले. त्यांनी वर पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं. कान लाल झाले. बाबांचे जिवलग, दर गणपतीला या घरी जेवणारे, मोदक जरा जास्तच वाढा म्हणणारे, बाबांच्या दहाव्याला आईच्याच हातचा चहा पिऊन गेलेले दगडूकाका.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुमचं... नाव काय?"

त्यांनी आशेने बाजूच्यांकडे पाहिलं. तीस-पस्तीस पुरुष बसले होते, सगळे वाडीचे, सगळे नात्यातले. त्यांच्यातल्या एकालाही ते सांगता आलं नाही.

आईने पावतीवरच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुळसा," ती म्हणाली. "तुळसा उत्तम गोरिवले. पंचवीस वर्षं जेवताय माझ्या हातचं, भावोजी. लिहा."